साखर कमी होते तेव्हा: आकडा, उपाय आणि कारणाचा शोध

‘शुगर लो झाली असेल, काहीतरी गोड द्या’ हे वाक्य आता आपल्या घरांत इतके सरावाचे झाले आहे, की ते उच्चारताना बहुतेक वेळा कोणी रक्त तपासलेलेही नसते. उन्हातून आल्यावर आलेली भोवळ, जागरणाचा थकवा, रिकाम्या पोटी झालेली चिडचिड, सगळे त्या एका वाक्यात बसवले जाते. साखर जेव्हा खरोखर धोक्याच्या पातळीला उतरते, तेव्हा मात्र ती नजरेतून निसटते, कारण घरात मधुमेह असलेले माणूस असले की सगळ्यांचे लक्ष साखर वाढू नये याकडेच लागलेले असते.

दोन वर्षांपूर्वी एका संकष्टीला आमच्याकडे हेच घडले. आई तेव्हा ७१ वर्षांची होती आणि मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिन यांची एकत्र गोळी रोज सकाळी घेत असे. त्या दिवशीही तिने गोळी घेतली, अकराच्या सुमारास वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि नंतर चहाखेरीज काही घेतले नाही, कारण चंद्रोदय रात्री साडेनऊनंतर होता. सात वाजता ती मोदक उकडायला ठेवत होती. कपाळावर घाम होता, पण तो मोदकपात्राच्या वाफेचा असेल असे आम्हांला वाटले. मग ती एकच फडके घडी घालून पुन्हा उलगडू लागली, असे चार-पाच वेळा झाले, आणि ‘आई, काय करतेस?’ या प्रश्नाला तिने दूधवाल्याच्या हिशेबाचे उत्तर दिले. ग्लुकोमीटरवर आकडा आला ४८.

त्या संध्याकाळी साखर वर आणायला अर्धा तास लागला, ती का उतरली हे समजून घ्यायला मात्र कित्येक आठवडे लागले. बहुतेक घरांत पहिले काम होते आणि दुसरे राहून जाते. म्हणून या लेखात दोन्ही कामे क्रमाने मांडली आहेत.

साखर उतरते म्हणजे काय होते

प्रौढ माणसाचा मेंदू दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो, पण त्याचा साठा स्वतःजवळ फारसा ठेवत नाही. त्याला रसद पुरवण्याचे काम यकृताचे आहे. जेवणानंतर यकृत सुमारे १०० ग्रॅम ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवते आणि दोन जेवणांच्या मधल्या काळात ते थोडे थोडे रक्तात सोडते. साखर उतरू लागली की निरोगी शरीर सर्वांत आधी स्वादुपिंडातून येणारे, साखर उतरवणारे इन्सुलिन कमी करते. त्यानंतर ग्लुकागॉन हे संप्रेरक यकृताला साठा सोडायला लावते आणि त्याच्या जोडीला ॲड्रेनलिन येते. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, एकाएकी कडकडून भूक लागणे ही या जागे झालेल्या यंत्रणेची लक्षणे आहेत. साखर आणखी खाली गेली की मेंदूची उपासमार सुरू होते आणि बोलणे अडखळणे, असंबद्ध उत्तरे देणे, दुहेरी दिसणे, हट्टीपणा, झोपाळूपणा, शेवटी झटके किंवा बेशुद्धी अशी दुसऱ्या प्रकारची लक्षणे दिसतात. आईची फडक्याची घडी या दुसऱ्या प्रकारातली होती.

मधुमेहाशी असलेला संबंध येथेच कळतो. पुष्कळांना मधुमेह आणि कमी साखर या दोन विरुद्ध गोष्टी वाटतात. प्रत्यक्षात गंभीरपणे साखर उतरण्याचे सर्वांत मोठे कारण मधुमेहावरचे उपचार हेच आहे. इन्सुलिन टोचलेले असेल, किंवा स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडणारी गोळी पोटात असेल, तर साखर उतरत असतानाही रक्तातले इन्सुलिन हटत नाही, म्हणजे शरीराची पहिलीच बचावफळी निकामी झालेली असते. ज्यांना मधुमेह होऊन बरीच वर्षे झाली आहेत, विशेषतः टाइप १ मधुमेहात (ज्यात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही), त्यांच्यात ग्लुकागॉनचा प्रतिसादही मंदावलेला असतो.

पहिले पाऊल: आकडा पाहणे

मधुमेहावर औषधे घेणाऱ्या व्यक्तीची साखर दर १०० मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, तर ती कमी समजून लगेच उपाय करावा. ५४ च्या खालची साखर ही गंभीर घटना असते आणि ती डॉक्टरांना कळवलीच पाहिजे. रुग्णाला स्वतः काही करता येत नसेल व दुसऱ्याच्या मदतीची गरज लागली असेल, तर आकडा कोणताही असो, ती सर्वांत गंभीर श्रेणी मानतात. मीटर हाताशी नसेल आणि लक्षणे स्पष्ट असतील तर मोजण्यासाठी थांबू नये, आधी साखर द्यावी.

मीटर वापरताना एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. आंबा चिरलेल्या किंवा केळे सोललेल्या बोटावर राहिलेली साखर रक्ताच्या थेंबात मिसळली, तर आकडा खोटा वाढून येतो आणि खरी घसरण त्याखाली झाकली जाते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. सॅनिटायझरचा फवारा येथे पुरेसा नाही. मीटरच्या पट्ट्यांच्या डबीचे झाकण घट्ट लावावे, कारण कोकणातल्या किंवा गोव्यातल्या पावसाळी दमट हवेत उघडी राहिलेली डबी लवकर बिघडते. शिवाय चांगल्या मीटरलाही १०० च्या खालच्या आकड्यांत साधारण १५ मिलिग्रॅमची चूक माफ असते. त्यामुळे ७४ आकडा आला आणि माणूस घामाघूम असेल, तर त्याला कमी साखरच समजावे. दंडावर सतत साखर मोजणारा सेन्सर लावणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की त्या कुशीवर झोपल्यावर दाब पडून सेन्सर खोटा कमी आकडा दाखवू शकतो. अशा वेळी बोटाच्या रक्ताने खात्री करावी.

याच्या नेमकी उलट अशीही एक अवस्था असते. ज्यांची साखर महिनोन्महिने ३०० च्या घरात राहिली आहे, त्यांना उपचार सुरू झाल्यावर ११०–१२० आकड्यालाही थरथर आणि घाम येतो, कारण शरीराला वरच्या पातळीची सवय झालेली असते. ही खरी कमी साखर नव्हे. अशा वेळी जेवणाची वेळ झाली असेल तर जेवावे, पण घाबरून वाटीभर साखर खाऊ नये. काही आठवड्यांत शरीर नव्या पातळीला सरावते.

दुसरे पाऊल: १५ ग्रॅम साखर आणि १५ मिनिटे

माणूस शुद्धीवर असेल आणि नीट गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम भरभर शोषली जाणारी साखर द्यावी. चहाचे तीन सपाट चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून, किंवा साधारण १५० मिलिलिटर फळांचा गोड रस, एवढे त्यासाठी पुरते. मग १५ मिनिटे थांबून पुन्हा मोजावे आणि आकडा ७० च्या वर गेला नसेल तर तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. आईची साखर पहिल्या मात्रेने ६६ वर आली, दुसऱ्या मात्रेने ९२ वर. ती १५ मिनिटे फार लांब वाटतात, आणि हाताशी लागेल ते भरवत राहावे असा मोह होतो, पण त्याने दोन तासांनी साखर तीनशेवर जाते आणि रुग्णाला वाटू लागते की आपले औषधच कमी पडते आहे.

पेढा, बर्फी, चॉकलेट किंवा लाडू या कामाचे नाहीत, कारण त्यांतली स्निग्धता साखरेचे शोषण लांबवते. ‘डाएट’ शीतपेयांत साखरच नसते, म्हणून त्यांचा उपयोग शून्य. पोळी किंवा भातही पहिल्या क्षणाला देऊ नये. त्यांची पाळी साखर ७० च्या वर आल्यानंतर येते, आणि पुढचे जेवण लांब असेल तर तेव्हा काहीतरी खायलाच हवे, नाहीतर साखर पुन्हा उतरू शकते.

आता एक गोष्ट, जी गोळ्यांची पट्टी हातात धरून वाचण्यासारखी आहे. आपल्याकडे ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज ही तिन्ही औषधे एकाच गोळीत मिळतात. व्होग्लिबोज आणि अकार्बोज ही औषधे आतड्यात साध्या साखरेचे विघटन रोखतात, आणि तेच त्यांचे काम आहे. त्यामुळे या गोळ्या घेणाऱ्यांना स्वयंपाकघरातली साखर दिली तर ती वेळेवर रक्तात पोहोचत नाही. त्यांच्यासाठी शुद्ध ग्लुकोज पावडरच हवी, आणि पाकिटावरचे घटक वाचून त्यात साध्या साखरेची भेसळ नाही हे आधीच पाहून ठेवावे. ज्या घरात अशी गोळी चालू आहे त्या घरात ग्लुकोजची पुडी असलीच पाहिजे, आणि ती कोठे आहे हे घरातल्या सर्वांत लहान मुलालाही माहीत असावे.

रुग्ण बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा गिळता येत नसेल, तर तोंडात पाणी, साखर, मध काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवावे, १०८ क्रमांकाला फोन करावा आणि ‘मधुमेह आहे, इन्सुलिन किंवा गोळी चालू आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे. घरात ग्लुकागॉनचे इंजेक्शन असेल व ते द्यायला शिकलेले कोणी असेल तर द्यावे. रुग्णालयात शिरेतून ग्लुकोज देतात आणि बऱ्याचदा काही मिनिटांत माणूस शुद्धीवर येतो. इन्सुलिन मात्र अशा वेळी चुकूनही टोचू नये. ‘मधुमेही माणूस बेशुद्ध पडला, म्हणजे साखर वाढली असेल’ हा समज जीवघेणा ठरू शकतो.

शुद्धीवर आल्यानंतर घरी परतण्याची घाई होते, ती समजण्यासारखी आहे. तरीही गोळ्यांमुळे साखर उतरली असेल, आणि त्यातून रुग्ण वयस्कर असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल, तर देखरेखीखाली राहावे, कारण या गोळ्यांचा अंमल चोवीस तास व कधी त्याहून अधिक टिकतो आणि साखर पहाटे पुन्हा कोसळू शकते.

तिसरे पाऊल: कारण शोधणे

सुरुवात औषधापासून करावी, कारण मधुमेहाच्या सर्व गोळ्या या बाबतीत सारख्या नाहीत. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लायबेनक्लामाइड या गटातील गोळ्या जेवण झाले की नाही हे न पाहता इन्सुलिन सोडायला लावतात. मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन ही औषधे एकेकटी घेतल्यास साखर धोक्याइतकी क्वचितच उतरवतात, मात्र पहिल्या गटातील गोळीच्या किंवा इन्सुलिनच्या जोडीला घेतल्यास धोका वाढतो. पट्टीवर व्यापारी नाव मोठ्या आणि औषधाचे खरे नाव बारीक अक्षरांत असते. ते बारीक नाव वाचून एका चिठ्ठीवर लिहून ठेवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि मला वाटते, या लेखातले सर्वांत उपयोगी कामही तेच आहे.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी सिरिंज पाहावी. भारतात इन्सुलिनच्या कुप्या दोन तीव्रतांच्या मिळतात: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात, ४० ची लाल टोपणाची व १०० ची केशरी टोपणाची. १०० ची कुपी आणि लाल टोपणाची सिरिंज अशी गफलत झाली, तर अंगात अडीचपट इन्सुलिन जाते. २० युनिट समजून ५० जातात. औषधाचे दुकान बदलले, गावी गेल्यावर तिथून कुपी आणली, देणारा माणूस बदलला, अशा वेळी ही चूक होते. म्हणून दर नव्या कुपीबरोबर कुपीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा एकमेकांशी ताडून पाहावा. पोटावर एकाच जागी वर्षानुवर्षे टोचल्याने जेथे गाठी झाल्या आहेत तेथून इन्सुलिन नीट शोषले जात नाही, आणि एके दिवशी चांगल्या त्वचेत टोचले की नेहमीचाच डोस जास्त ठरतो.

औषध तेच, मात्रा तीच, तरीही साखर अलीकडेच उतरू लागली असेल, तर मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी. इन्सुलिन आणि यातील काही गोळ्या शरीराबाहेर टाकण्यात मूत्रपिंडाचा मोठा वाटा असतो. त्याचे काम मंदावले की दहा वर्षे मानवलेला डोस अंगात साचू लागतो. अशा काळात साखरेचे आकडे खाली येतात आणि घरचे लोक ‘पथ्य लागू पडले’ म्हणून समाधान मानतात. विनासायास सुधारलेल्या साखरेकडे आनंदाने पाहण्याआधी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा आकडा पाहिलेला बरा. वजन उतरले असेल, भूक मेली असेल, कवळीचा त्रास होऊन जेवण अर्ध्यावर आले असेल, तरी हाच हिशेब लागू होतो.

मग येतात उपास आणि श्रम. एकादशीला निदान दिवसभर फराळ चालू असतो, संकष्टीला मात्र गोळी सकाळी आणि जेवण चंद्रोदयानंतर, अशी बारा-तेरा तासांची दरी पडते. रमजानच्या रोज्यांतही सहेरी आणि इफ्तार यांच्यामध्ये असाच काळ जातो. उपास करावा की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. त्यासाठी औषधाची वेळ व मात्रा बदलावी लागते आणि ती आधी विचारून ठरवावी लागते, एवढेच वैद्यकाचे म्हणणे आहे. साखर ७० च्या खाली गेली तर उपास तेथेच सोडावा, हे मात्र घरातल्या सर्वांनी आधीच ठरवून ठेवावे, कारण त्या क्षणी रुग्णाचे डोके ठिकाणावर नसते आणि तो ठाम नकार देतो. श्रमांचेही तसेच आहे. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि श्रम संपल्यावरही आपला साठा भरून काढण्यासाठी पुढचे चोवीस तासांपर्यंत ओढत राहतात. वारीत रोज मैलोन्मैल चालणाऱ्या मधुमेही वारकऱ्याची साखर म्हणूनच रात्री मुक्कामावर उतरू शकते. दारूबाबत एवढेच सांगावेसे वाटते, की ती यकृताला नवी साखर तयार करू देत नाही, त्यामुळे रात्री न जेवता घेतलेल्या दारूचा परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळीही दिसतो, आणि अडखळणारे बोलणे ‘चढली आहे’ म्हणून सोडून दिले जाते.

लक्षणे न देता उतरणारी साखर

ज्यांची साखर वारंवार उतरते, त्यांचे शरीर हळूहळू सूचना देणेच थांबवते. घाम नाही, थरथर नाही, एकदम गोंधळ. पूर्वी ६५ ला जाणवत असे आणि आता ५० लाही काही वाटत नाही, असे असेल तर ते धोक्याचे चिन्ह आहे. ही अवस्था बऱ्याच अंशी उलटवता येते, हा त्यातला दिलासा. दोन-तीन आठवडे साखर एकदाही कमी होऊ दिली नाही, तर सूचना पुन्हा मिळू लागतात, आणि त्यासाठी डॉक्टर काही काळ मुद्दाम साखर थोडी वर ठेवतात. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटाची गोळी चालू असेल, तर धडधड आणि थरथर दबून राहते, घाम मात्र फुटतो. म्हणून अशा माणसाचा विनाकारण आलेला घाम गांभीर्याने घ्यावा.

झोपेत साखर उतरली तर सकाळी उशी ओली असते, डोके जड असते, रात्री भयानक स्वप्ने पडलेली असतात. अशी शंका आली की दोन-तीन रात्री पहाटे तीनचा गजर लावून रक्त तपासावे. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणी येथे उपयोगी पडत नाही, कारण ५० आणि २५० यांची सरासरीही दिसायला छान येते. वयस्कर आणि इतर आजार असलेल्या माणसासाठी ही सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास ठेवणेही अनेकदा शहाणपणाचे असते. तरुणाच्या आकड्यासाठी त्यांना धाप लागेपर्यंत पळवू नये.

मधुमेह नसताना

मधुमेहाचे कोणतेही औषध नसलेल्या माणसाची साखर खरोखर उतरते आहे, हे आधी सिद्ध करावे लागते. अमेरिकेतील शल्यचिकित्सक ॲलन व्हिपल यांनी १९३० च्या दशकात घालून दिलेली तीन अटींची कसोटी आजही वापरतात: लक्षणे असावीत, नेमक्या त्याच वेळी रक्तातील साखर कमी मोजली गेलेली असावी, आणि साखर वर आणल्यावर लक्षणे जावीत. अशा व्यक्तीत साधारण ५५ च्या खालचा आकडा महत्त्वाचा मानतात, आणि तो प्रयोगशाळेतील असावा. येथेही एक फसगत आहे. घरून नेलेला नमुना योग्य नळीत नसेल आणि तासन्‌तास पडून राहिला असेल, तर नळीतल्या रक्तपेशीच त्यातली साखर खाऊन टाकतात आणि ठणठणीत माणसाच्या अहवालात ५० आकडा येतो. साखरेसाठी फ्लोराइड असलेली, बहुधा करड्या टोपणाची नळी वापरतात. आकडा विचित्र आला आणि लक्षणे काहीच नसली, तर घाबरण्याआधी चाचणी पुन्हा करून घ्यावी.

काहींना जेवणानंतर दोन ते चार तासांनी, विशेषतः गोड किंवा मैद्याचे पदार्थ भरपूर खाल्ल्यावर, थरथर आणि भूक जाणवते. यामागे कधी कधी येऊ घातलेला मधुमेह असतो, कारण त्या टप्प्यावर इन्सुलिनची पहिली लाट उशिरा येते, तोवर साखर चढते, आणि मग उशिरा आलेले जास्तीचे इन्सुलिन तिला खाली ओढते. प्रत्येकाच्या बाबतीत असेच असते असे नाही. जठरावर शस्त्रक्रिया झालेल्यांतही हा त्रास दिसतो. परंतु कुटुंबात मधुमेह असेल, पोटाचा घेर वाढलेला असेल, गरोदरपणात साखर वाढली असेल, तर उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी करून घ्यावी. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची स्थिती, आणि १२६ किंवा ६.५ टक्के व त्यापुढे मधुमेह. निदान पक्के करण्यासाठी सहसा दुसऱ्यांदा तपासतात. अशांनी दर तासाला गोड खात राहणे हा उपाय नव्हे, त्याने चक्र चालूच राहते. गोड पेये टाळून जेवणात उसळ, भाजी, दही यांचा वाटा वाढवावा आणि भात-पोळी बेताने, वेळेवर खावी.

उपाशी असताना, पहाटे किंवा श्रमांनंतर साखर उतरत असेल तर मात्र प्रकरण वेगळे. स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणारी गाठ, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींची कमतरता, यकृताचा गंभीर आजार, जंतुसंसर्ग, मलेरिया किंवा त्यावर दिलेले क्विनाइन ही त्यामागची कारणे दुर्मीळ असली तरी शोधावीच लागतात, आणि त्यासाठी कधी रुग्णालयात ७२ तासांपर्यंत उपाशी ठेवून तपासणी करतात. आणखी एक साधे कारण घरातच सापडते: आजोबांची मधुमेहाची गोळी रक्तदाबाची समजून आजीने घेतलेली असते.

डॉक्टरांकडे जाताना

प्रत्येक घटनेची एक ओळ लिहावी: तारीख, वेळ, आकडा, शेवटचे जेवण केव्हा व काय, औषध केव्हा, चालणे किंवा श्रम, काय दिले, किती वेळात बरे वाटले. अशा पाच-सहा ओळींतून जो आराखडा दिसतो, तो ‘मधूनमधून शुगर लो होते’ या वाक्यातून कधीच दिसत नाही. गोळी किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने कायमचे बंद करू नये, पण साखर उतरल्यानंतरचा पुढचा डोस घेण्यापूर्वी फोन करून विचारावे.

आमच्या वहीत संकष्टीखेरीज आणखी तीन नोंदी निघाल्या, तिन्ही संध्याकाळच्या, तिन्ही दुपारचे जेवण लांबलेल्या दिवसांच्या. क्रिएटिनिनही थोडे वाढलेले निघाले. डॉक्टरांनी आईची गोळी बदलून ग्लिमेपिराइडची मात्रा निम्मी केली आणि उपासाच्या दिवशी ती घ्यायचीच नाही असे तिच्या कागदावर लिहून दिले. हा निर्णय तिच्यापुरता होता, दुसऱ्या कोणी तो उचलू नये. पुढच्या संकष्टीला तिने दुपारी दूध आणि राजगिऱ्याची वडी घेतली, चार वाजता आणि सात वाजता बोट टोचून आकडा वहीत लिहिला, ११८ आणि १०४, आणि चंद्र दिसल्यावर नेहमीप्रमाणे नैवेद्य दाखवून जेवली.